विहिरीपेक्षा रस्ता मोठा

2024 च्या डिसेंबरात राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने आसाममधल्या एका प्रस्तावाला मंजुरी दिली. जोरहाट जिल्ह्यातल्या होलोंगापार गिबन अभयारण्याभोवती जे संवेदनशील क्षेत्र आहे, तिथे वेदांता समूहाच्या केर्न कंपनीला तेल आणि वायूचा शोध घेण्यासाठी विहीर खोदायची होती. त्यासाठी राखीव वनातली सुमारे साडेचार हेक्टर जमीन मागितली होती. बातमी वाचताना माझी नजर या साडेचार हेक्टरांच्या फोडीवर अडली. विहिरीच्या जागेसाठी 1.44 हेक्टर. तिथपर्यंत जाणाऱ्या रस्त्यासाठी 3.06 हेक्टर.

म्हणजे विहिरीपेक्षा रस्ता दुपटीहून मोठा.

या प्रस्तावावर माझ्या वाचनात जे काही आले, ते बहुतेक विहिरीविषयी होते. तेल गळेल का, आग लागेल का, गिबनांचे काय होईल. हे प्रश्न खरेच आहेत. पण रस्त्याबद्दल कुणी फारसे बोलत नव्हते. रस्ता ही आपल्याला निरुपद्रवी गोष्ट वाटते. रस्ता म्हणजे विकास, रस्ता म्हणजे एसटी, रस्ता म्हणजे दवाखाना. मला मात्र वाटते की जंगलातल्या तेलविहिरीचा सगळ्यात मोठा प्रश्न विहीर नसून रस्ता आहे, आणि नेमका तोच आपण सगळ्यात कमी तपासतो.

आमच्या नात्यातले एक चाचा बावीस वर्षे आखाती देशात ट्रेलर चालवत होते. कोकणातल्या मुसलमान घरांत असा एखादा चाचा किंवा मामू असतोच. त्यांचे काम रिग हलवण्याचे, म्हणजे विहीर खोदणारी सगळी यंत्रणा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायची. मी लहानपणी समजायचो की रिग म्हणजे एक उंच मनोरा, तो उचलला आणि ठेवला. चाचा हसायचे. "अरे, पन्नास-साठ ट्रेलर लागतात एक रिग हलवायला. मनोऱ्याचे तुकडे, इंजिनं, पंप, चिखलाच्या टाक्या, हजारो फूट पाईप, माणसांच्या राहायच्या केबिनी. वर क्रेन वेगळी." वाळवंटातसुद्धा त्यासाठी आधी रस्ता करावा लागे. भर टाकायची, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा. मग ते म्हणायचे, "आणि रिग गेली ना, की दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावर बदू पिकअप घेऊन हजर. रस्ता कुणाला नको असतो?"

चाचांच्या त्या शेवटच्या वाक्यात हा सगळा लेख आहे.

वाळवंटात जे भर टाकून भागते, ते जंगलात भागत नाही. जंगलात बहुतेक वेळा आधीची एखादी वाट असते. कधी वनखात्याची, कधी लाकूड नेणाऱ्यांची, कधी गावकऱ्यांच्या पायांनी पडलेली. कंपनीचे अभियंते येतात आणि त्या वाटेची पाहणी करतात. माती किती वजन पेलते हे चाचणी करून पाहतात. मोऱ्या आणि साकव मोजतात, कारण ज्या साकवावरून जीप जाते त्यावरून चाळीस टनांचा ट्रेलर जात नाही. वळणे मोजतात. लांब ट्रेलरला अरुंद वळण घेता येत नाही, म्हणजे वळणाच्या आतल्या अंगाची झाडे जाणार. चढ मोजतात. चढ जास्त असेल तर डोंगर कापणार. पाणी कुठून येते, कुठे जाते हे पाहतात. दोन्ही बाजूंना चर, मध्ये उंचवटा, जागोजागी पाईप टाकून मोऱ्या. समोरासमोर गाड्या आल्या तर एकीला बाजूला घ्यायला जागा. एवढे झाले की खडी, मुरूम आणि रोलर.

हे सगळे तंत्रशुद्ध काम आहे आणि ते नीट झालेले बरे. वाईट बांधलेला कच्चा रस्ता पावसाळ्यात स्वतःच वाहून जातो, त्याची माती ओढ्यात उतरते, ओढा गढूळ होतो, मासे मरतात. मोरी चुकीच्या जागी बसली तर एका बाजूला तळे साचते आणि दुसऱ्या बाजूची झाडे वाळतात. तेव्हा अभियंत्यांशी माझे भांडण नाही. ते ज्या प्रश्नाचे उत्तर द्यायला नेमले जातात, तो प्रश्नच अपुरा आहे. त्यांना विचारले जाते, हा रस्ता रिगचे वजन पेलेल का? हा रस्ता झाल्यावर जे येईल त्याचे वजन जंगल पेलेल का, हे कुणी विचारत नाही.

मी भाषा शिकवतो. म्हणून कागदावरच्या शब्दांकडे माझे लक्ष जाते. मराठीत 'वाट' आणि 'रस्ता' हे दोन शब्द आहेत. वाट चालून पडते. रस्ता बांधला जातो. वाट मोडते, पुन्हा गवत उगवते, माणसे दुसरी वाट पाडतात. रस्ता मोडत नाही, त्याची दुरुस्ती निघते. उर्दूतून आणि फारसीतून आपल्याकडे आलेला हा 'रस्ता' मराठीत इतका रुळला की तो परका आहे हे कुणाला आठवतही नाही. कंपनीच्या कागदावर मात्र या दोहोंमधला फरक पुसला जातो. तिथे लिहिलेले असते: 'अस्तित्वातील मार्गाची सुधारणा' किंवा 'मजबुतीकरण'. ऐकायला किती साधे. मार्ग होताच, आम्ही फक्त सुधारतो. प्रत्यक्षात दोन माणसे पुढे-मागे चालतील अशी वाट जाऊन तिथे दोन ट्रक शेजारून जातील असा रस्ता येतो. नवा रस्ता मागितला असता तर दहा प्रश्न विचारले गेले असते. सुधारणेला कोण अडवणार?

याचे पुढे काय होते ते पाहायचे असेल तर दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरकडे पाहावे. एकाच देशात, एकाच जंगलात, तेलासाठी वेगवेगळ्या पद्धतीने रस्ते झाले आणि त्यांचे परिणाम जगासमोर आहेत.

1967 मध्ये टेक्साको कंपनीला इक्वाडोरच्या अॅमेझॉन भागात लागो अॅग्रियोजवळ तेल सापडले. 1972 पर्यंत अँडीज पर्वत ओलांडून समुद्रापर्यंत तेलाची वाहिनी गेली. वाहिनीबरोबर रस्ता गेला. मग कोका गावापासून दक्षिणेकडे आणखी एक रस्ता निघाला, त्याचे नाव 'व्हिया औका'. या नावाकडे जरा थांबून पाहा. 'औका' हा किचवा भाषेतला शब्द. रानटी, शत्रू असा त्याचा अर्थ, आणि तो तिथल्या वाओरानी लोकांना उद्देशून वापरला जाई. ज्यांच्या भूमीतून रस्ता नेला, त्यांनाच शिवी देणारे नाव त्या रस्त्याला मिळाले.

रस्ते तेलासाठी होते. पण सरकारचे धोरण असे की जंगल म्हणजे पडीक जमीन आणि जो ती कसेल त्याची ती. डोंगराळ भागातले गरीब, दुष्काळाने पिचलेले शेतकरी या रस्त्यांनी आत आले. रस्त्याला लागून अडीचशे मीटर रुंद आणि दोन किलोमीटर खोल असे पन्नास हेक्टरांचे पट्टे पडले. हक्क सांगायचा तर जंगल साफ करून दाखवावे लागे. पहिली ओळ भरली की मागे दुसरी, मग तिसरी. लागो अॅग्रियोच्या परिसरातले कोफान लोक आपल्याच भूमीत मूठभर उरले. रस्त्यावरची धूळ बसावी म्हणून कच्चे तेल शिंपडले जाई आणि त्यावरून मुले अनवाणी चालत. त्या शेतकऱ्यांना मी खलनायक म्हणणार नाही. भुकेल्या माणसाला रस्ता दिसला, तो त्यावरून चालत आला. ज्यांनी रस्ता केला त्यांनी या माणसाचा हिशेब आधी करायला हवा होता.

दुसरा रस्ता वीस वर्षांनी झाला. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मॅक्सस नावाच्या कंपनीने यासुनी राष्ट्रीय उद्यानातून सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता नेला. पहिल्या रस्त्याची बदनामी जगभर झाली होती, म्हणून इथे काळजी घेतली गेली. नापो नदीवर पूल बांधलाच नाही. गाड्या तराफ्यावरून नदी ओलांडणार आणि पलीकडे नाका. बाहेरच्या माणसाला आत जाऊन वसता येणार नाही. आणि हे बऱ्याच अंशी खरेही ठरले. बाहेरचे शेतकरी तिथे लोंढ्याने आले नाहीत, रस्त्याच्या कडेचे जंगल टिकले. नाका असेल तर फरक पडतो, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

पण गोष्ट इथे संपली नाही. जंगलात फिरते जीवन जगणारी वाओरानी कुटुंबे रस्त्याच्या कडेला येऊन राहू लागली. कंपनीच्या गाड्यांतून फुकट जाता येई. पूर्वी शिकार घरापुरती होती, कारण जड शिकार पाठीवर किती लांब वाहणार? आता ती गाडीतून नदीकाठच्या पोंपेयाच्या बाजारात जाऊ लागली. संशोधकांनी त्या बाजारात रानातल्या मांसाची नोंद केली आहे. झाडे उभी राहिली, पण झाडांखालचे प्राणी विरळ होऊ लागले. वरून, उपग्रहाच्या चित्रात, हे दिसत नाही.

पुढे त्याच उद्यानात आणखी एका पट्ट्यात तेल काढायचे ठरले, तेव्हा रस्ता हा शब्दच टाळला गेला. कागदावर 'पर्यावरणीय पायवाट' असे नाव आले. 2014 मध्ये संशोधकांनी उपग्रहाची बारीक चित्रे तपासली, तर ती पायवाट परवान्यात दिलेल्या रुंदीपेक्षा रुंद निघाली. आपल्याकडचे 'मजबुतीकरण' आणि तिकडची 'पायवाट' ही दोन्ही एकाच घराण्यातली भावंडे दिसतात.

2023 च्या ऑगस्टमध्ये इक्वाडोरच्या जनतेने सार्वमतात यासुनीच्या एका मोठ्या तेलपट्ट्यातले उत्पादन थांबवण्याच्या बाजूने मत दिले. सुमारे 59 टक्के लोक म्हणाले, तेल जमिनीतच राहू द्या. देश श्रीमंत नाही, तेलावर त्याचा खर्च चालतो, तरीही. विहिरी बंद करता येतात, त्यांना सिमेंटचे बूच मारता येते. रस्त्याला बूच कसे मारणार?

हे फक्त इक्वाडोरचे नाही. ब्राझीलच्या अॅमेझॉनचा अभ्यास करणाऱ्यांनी 2014 मध्ये मांडले की तिथली जवळजवळ 95 टक्के जंगलतोड रस्त्यांपासून साडेपाच किलोमीटरच्या आत किंवा नौका चालतील अशा नद्यांपासून एक किलोमीटरच्या आत झाली आहे. म्हणजे कुऱ्हाड रस्त्याचाच हात धरून चालते.

मग तेल काढायचेच नाही का? हा प्रश्न कुणी विचारेल आणि त्याने तो विचारावा. मी रोज शाळेत मोटारसायकलवर जातो. घरात गॅसवर चहा होतो. आखातातल्या तेलाच्या पगारावर आमच्या कोकणातली निम्मी घरे उभी राहिली आणि कित्येक पोरांची शिक्षणे झाली. तेलाला शिव्या देऊन मी साळसूद होऊ शकत नाही.

पण तेलाला रस्ता लागतोच, हे खरे नाही. याचा पुरावा आपल्या दाराशी आहे. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, भर समुद्रात, 1974 मध्ये बॉम्बे हायला तेल लागले. तिथे कोणता रस्ता गेला? माणसे हेलिकॉप्टरने जातात, सामान जहाजाने जाते, तेल समुद्रतळावरच्या वाहिनीतून उरणला येते. पाळी संपली की माणूस परत. तिथे वस्ती होत नाही, टपरी पडत नाही.

पेरू देशात कामिसेआ नावाचे वायुक्षेत्र आहे. तेही घनदाट जंगलात. तिथे हीच कल्पना लावली गेली: जंगलाला समुद्र समजा. विहिरीची जागा म्हणजे समुद्रातला फलाट. माणसे आणि सामान हेलिकॉप्टरने आणि नदीने जाईल, विहिरींपर्यंत रस्ता नेणार नाही. 2004 पासून तिथला वायू वाहू लागला. ही पद्धत निर्दोष नाही. वाहिनी सुरुवातीच्या काही वर्षांतच अनेकदा फुटली, आणि तो पट्टा बाह्य जगाशी संबंध न ठेवणाऱ्या आदिवासींच्या राखीव भूमीत शिरतो, हा वाद वेगळाच. पण विहिरीसाठी रस्ता अटळ आहे हा युक्तिवाद तिथे खोटा ठरला. खर्च वाढतो एवढेच. आणि खर्च वाढतो याचा अर्थ असा की रस्ता केल्यावर हाच खर्च कंपनी टाळते आणि जंगल भरते.

आसामातही दुसरे तंत्र माहीत नाही असे नाही. दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाखालचे तेल उद्यानाबाहेरून तिरकस, लांबवर विहीर खोदून काढण्याच्या प्रस्तावाला 2020 च्या मे महिन्यात केंद्राने परवानगी दिली होती. त्याच महिन्याच्या 27 तारखेला उद्यानाजवळच्या बाघजान इथल्या विहिरीतून वायू उसळला, 9 जूनला आग लागली, अग्निशमन दलाचे दोन जवान गेले, हजारो लोक घराबाहेर पडले आणि विहीर पूर्ण शांत व्हायला नोव्हेंबर उजाडला. म्हणजे रस्ता टाळला की सगळे संकट टळते असे मुळीच नाही. विहिरीचा धोका वेगळा, रस्त्याचा धोका वेगळा. एक स्फोटासारखा येतो, कॅमेरे धावतात. दुसरा वाळवीसारखा येतो. म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे तपासायला हवेत, एकाच्या पोटात दुसरा लपवू नये.

होलोंगापारच्या बाबतीत तर वाळवीचा अनुभव जुना आहे. 1887 मध्ये इंग्रजांनी तिथून रेल्वे नेली. चहासाठी, कोळशासाठी. आज अवघ्या 21 चौरस किलोमीटरांच्या त्या अभयारण्याचे या रुळांनी दोन तुकडे झाले आहेत. हूलॉक गिबन हा भारतातला एकमेव कपिवंश. तो आयुष्य झाडावर काढतो, फांदीवरून फांदीवर जातो, जमिनीवर सहसा उतरत नाही. झाडांच्या माथ्यांमध्ये रुळाएवढी फट पडली, की त्याच्यासाठी ती नदीच. पलीकडच्या तुकड्यात अडकलेल्या गिबनांना जोडीदारही मिळणे कठीण. रेल्वे बांधणाऱ्याच्या मनात गिबन नव्हताच. तो फक्त उतार आणि वजन मोजत होता.

ताज्या प्रस्तावात कंपनीने लिहून दिले होते की ही विहीर फक्त शोधासाठी आहे, तेल मिळालेच तर ते संवेदनशील क्षेत्राच्या बाहेरून काढले जाईल. चांगली गोष्ट आहे. मग माझा साधा प्रश्न: शोध संपल्यावर त्या 3.06 हेक्टरांवरच्या रस्त्याचे काय? शोध तात्पुरता असेल तर रस्ताही तात्पुरता असायला हवा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जंगलातला रस्ता 'निष्क्रिय' करण्याची रीत आहे. मोऱ्या काढायच्या, पाण्याला त्याची जुनी वाट मोकळी करायची, आडवे चर खणून गाडी जाणार नाही असे करायचे, आणि जंगलाला ती जागा परत घेऊ द्यायची. रस्ता बांधण्याइतकेच रस्ता उलगडण्याचेही शास्त्र आहे.

इथे कुणी गडचिरोलीचे नाव काढेल. भामरागडमध्ये पर्लकोटेला पूर आला की गावांचा संपर्क तुटतो, बाळंतिणीला खाटेवर घालून न्यावे लागते, आणि तुम्ही रस्त्याविरुद्ध लिहिता? नाही, मी त्या रस्त्याविरुद्ध लिहीत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात गावाच्या रस्त्यासाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी वनजमीन देण्याची सोय आहे. त्याला अट काय? प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे बाळंतिणीच्या रस्त्याला एवढे मोजमाप. मग रिगच्या रस्त्याचे मोजमाप त्याहून कडक का नको? कंपनीचा रस्ता गावाच्या सोयीने जात नाही, तो विहिरीच्या सोयीने जातो. गावाला त्याचा उपयोग झालाच तर योगायोगाने.

आपल्या फिकहच्या पुस्तकांत एक सुंदर कल्पना आहे, 'हरीम'. कुणी मोकळ्या जमिनीत विहीर खणली, तर विहिरीभोवतीच्या काही जागेवरही तिचा हक येतो. जनावरांना पाणी पाजण्याची विहीर असेल तर चाळीस हात, मोटेने शेत भिजवण्याची असेल तर काही इमामांच्या मते साठ. मदरशात हे शिकवतात तेव्हा बहुधा वाटते, जुन्या काळातला जमिनीचा कायदा. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. पहिली, विहीर म्हणजे फक्त भोक नव्हे हे त्यांना कळत होते. तिच्याकडे येणारी जनावरे, त्यांची बसायची जागा, येण्याजाण्याची सोय, हे सगळे विहिरीतच मोजायचे. दुसरी, ते मोजून सांगत होते. चाळीस हात. त्याच्या पुढे विहीर तुमची असली तरी जमीन तुमची नाही. हक आणि हद्द एकाच मापात.

आणि रस्त्याचाही हक सांगितलेला आहे. रस्त्यात बसाल तर रस्त्याचा हक अदा करा, ही शिकवण आपण लहानपणी ऐकलेली. नजर खाली ठेवा, कुणाला त्रास देऊ नका, सलामाचे उत्तर द्या. रस्त्यातला काटा बाजूला करणे हाही ईमानचा भाग. आपण हे गल्लीपुरते समजतो. पण जंगलातून जाणारा रस्ता स्वतःच काटा झाला तर? ज्यांना त्रास होणार ते माणूसच असले पाहिजेत, असे तर कुठे म्हटलेले नाही.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. तेलाच्या प्रत्येक प्रस्तावात रस्त्याचा कागद वेगळा असावा. 'सुधारणा' हा शब्द आला की आजची रुंदी आणि उद्याची रुंदी शेजारी शेजारी लिहावी. या रस्त्याशिवाय काम होते का, याचे उत्तर आधी द्यावे. नाका कुठे आणि तो कोण सांभाळणार हे ठरावे. आणि रस्ता कधी, कुणाच्या पैशाने मोडणार, ते रस्ता बांधण्याआधी लिहून घ्यावे. त्याची रक्कम कंपनीने आधी जमा करावी. शेजारच्या गावांना विचारावे. हवा असेल तर गाव तो ठेवील, पण मग तो गावाचा रस्ता म्हणून गावाच्या नियमाने.

चाचा आता घरीच असतात. गुडघे गेलेत. मी त्यांना होलोंगापारचे आकडे सांगितले. ते म्हणाले, "विहीर दीड आणि रस्ता तीन? बरोबर आहे. नेहमी असंच असतं." थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्या इतक्या विहिरी बंद झाल्या. एकही रस्ता बंद झालेला मी पाहिला नाही."